शब्दचर्चा : सुमो आला की आली?

भाच्याने परवा विचारलं, "मामा, जाड्या पैलवानाचं नाव गाडीला कशाला दिलं?" मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. टाटा सुमो गाडी होतीच तशी, धिप्पाड, चौकोनी. पण दोघांची कुळं वेगळी.

कुस्तीतला सुमो जपानी; 'झगडणे' अशा अर्थाच्या 'सुमाऊ' या जुन्या क्रियापदावरून आलेला. तिथे हे खेळाचं नाव, पैलवानाला म्हणतात 'रिकिशी'. आपण "तो सुमो बघ" म्हणतो, म्हणजे "ती कुस्ती जेवतेय" म्हटल्यासारखंच! लठ्ठपणाही आपणच चिकटवला. मूळ शब्दात वजन नाही, झुंज आहे. आणि निकाल आपल्याहून झटपट. आपल्याकडे पाठ टेकल्याशिवाय चितपट नाही. तिथे तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला, किंवा ४.५५ मीटर व्यासाच्या रिंगणाबाहेर पाय पडला, की संपलं.

गाडीची सुमो मात्र मराठी आडनावातली. टेल्कोचे, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सचे, एकेकाळचे अध्यक्ष सुमंत मूळगावकर १९८९ मध्ये गेले. १९९४ मध्ये आलेल्या गाडीला त्यांच्या नावातली आणि आडनावातली सुरुवातीची दोन-दोन अक्षरं दिली, ती रोमन लिपीतली. पुलं, वपु यांच्या चालीवर देवनागरीत करून पाहा : होतं 'सुमू'! 'मो' येतो कुठून? रोमनमध्ये 'मू'साठी ओ दोनदा लिहिला होता, त्यातला एकच उचलला. मराठी माणसाच्या नावाचं हे लघुरूप मराठीत जमतच नाही, याची मला भारी गंमत वाटते.

२०१९ मध्ये गाडी बंद झाली, शब्द नाही. काश्मीरमध्ये आणि ईशान्येकडे शेअर जीपला सरसकट 'सुमो' म्हणतात. आपलं वडाप, तसंच.

तिसरा सुमो जीवशास्त्रातला : 'स्मॉल युबिक्विटिन-लाइक मॉडिफायर' या पेशीतल्या छोट्याशा प्रथिनाच्या नावाचं लघुरूप. साधारण शंभर अमिनो आम्लांचा जीव, आणि नाव हे!

आता लिंगाचं. पैलवान असेल तर 'सुमो आला', गाडी असेल तर 'सुमो आली'. प्रथिनाला 'ते सुमो' म्हणावं लागेल. विभक्तीचा त्रास नाही : सुमोला, सुमोने, सुमोत. पण 'सुमोत बसलो' म्हटलं की गाडीच, आणि 'सुमोखाली सापडला' म्हटलं तर विचारून घ्यावं, कोणत्या.