मदत हवी आहे: अ‍ॅनाफेजला क्रोमोसोम नेमके किती धरायचे?

नमस्कार मंडळी, नीटची तयारी चाललीय, कुणी बायोवाले असतील तर जरा बघा ना. कांद्याचं उदाहरण घेते, 2एन (पेशीतले एकूण क्रोमोसोम) = 16. मायटोसिसमधे (साधं पेशीविभाजन) मेटाफेजला (क्रोमोसोम मधोमध रांगेत येतात तो टप्पा) 16 क्रोमोसोम, 32 क्रोमॅटिड (क्रोमोसोमच्या जोडलेल्या जुळ्या प्रती), मग अ‍ॅनाफेजला (क्रोमोसोम टोकांकडे ओढले जातात तो टप्पा) सेंट्रोमियर (दोन क्रोमॅटिडना जोडणारा सांधा) फुटतात आणि प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र क्रोमोसोम धरायचा म्हणून त्याच पेशीत एकदम 32, इथपर्यंत पटलं. पण मियॉसिसच्या (क्रोमोसोम निम्मे करणारं विभाजन) अ‍ॅनाफेज 1 ला नुसत्या जोड्या सुटतात, सेंट्रोमियर शाबूतच, म्हणजे अख्ख्या पेशीत 16 च राहणार ना, प्रत्येक टोकाला 8? आणि अ‍ॅनाफेज 2 ला 8 वाल्या पेशीत परत 16? क्लासच्या आन्सर कीमधे इथे 8 छापलंय, बहुतेक एकाच टोकाचं मोजलंय, प्रश्नात मात्र ‘प्रत्येक पेशीत’ असं चक्क लिहिलंय. सर म्हणतात पाठ कर, पण पाठ करून डीएनएचं गणित कसं सुटणार, एस फेजनंतर (डीएनएची प्रत बनते तो टप्पा) डीएनए 2सी चा 4सी (सी म्हणजे क्रोमोसोमच्या एका संचातलं डीएनए) होतो तरी क्रोमोसोम 16 चेच, मग अ‍ॅनाफेज 2 ला एका पेशीत 2सी च येईल ना? सेंट्रोमियर मोजायचे, क्रोमॅटिडकडे बघायचंच नाही, हा नियम सगळीकडे चालतो का कुठे गंडवतो?