आयव्हरी शीटवर शाई फुटतेय, पण पान ३ वर नाही! कॉमिकच्या पानांसाठी कागद कुठला घ्यावा?

पागोळी:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत असते, नोकरी सांभाळून २४ पानांचं कॉमिक काढतेय, आजोळच्या विहिरीची गोष्ट आहे. नऊ पानांचं पेन्सिलिंग झालंय, ए-३ वर. कागद म्हणजे इथल्याच एका स्टेशनरीवाल्याकडून २२ बाय २८ इंची आयव्हरी शीटं (गुळगुळीत जाड कार्डाचे मोठे कागद) आणली, तो म्हणाला ३०० जीएसएम आहे ताई, याच्यापेक्षा जाड काही मिळणार नाही, बिनधास्त घ्या. एका शीटमधून दोन ए-३ निघतात आणि बऱ्याच पट्ट्या उरतात. निब जी-पेनची (शाईत बुडवून वापरायची टोकदार निब, दाबाप्रमाणे रेष बारीक-जाड होते), शाई वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक.

आता रडगाणं. पाच पानं इंक केली, म्हणजे पेन्सिलीवर शाईने गिरवली. विहिरीच्या आतले दगड बारीक क्रॉसहॅचिंगने (आडव्यातिडव्या रेषांच्या जाळीने) काढायचे होते, तिथे रेषेला दोन्ही बाजूंनी सुरवंटासारखे केस आले आणि दहा मिनिटांत सगळं मिळून एक काळा डाग. आणि डोकं भंजाळून टाकणारी गोष्ट म्हणजे पान ३ एकदम स्वच्छ आलंय. तीच बाटली, तीच निब, तोच गठ्ठा. पान ५ पण बरंच बरं आहे. १, २, ४ कामातून गेली.

अजून जाड कागद घेऊ का? ब्रिस्टल ब्रिस्टल म्हणतात ते नक्की काय? आणि नऊच्या नऊ पानं परत काढायची म्हटलं तर मी कॉमिकच सोडून देईन, खरंच.

अर्धाकप:
टॅब घे, अन्डू बटण असतं त्यात 😄

पागोळी:
@अर्धाकप दिवसभर ऑफिसात स्क्रीनच बघते हो. निब कागदावर खर्र वाजते ना, त्यासाठी तर करतेय हे सगळं.

बोरूवाले_काका:
पागोळी, आधी एक गैरसमज काढून टाक बाई. जाडी आणि शाई फुटणं यांचा संबंध फार थोडा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये, बाकी काही नाही. जाड कागद शाईने फुगत नाही, रबराने फाटत नाही, एवढा त्याचा फायदा. शाई फुटते ती साइझिंगमुळे, म्हणजे साइझिंग कमी पडल्यामुळे. नव्या कापडाला खळ असते की नाही, तशीच कागदाच्या लगद्यात किंवा वरून एक खळ दिलेली असते, ती शाईला आत शिरू देत नाही. खळ कमी असली की रेष धाग्याधाग्यातून पळते. टीपकागदाला खळच नसते, म्हणून तो शाई पितो. तुझं शीट ३०० चं असो नाहीतर ६०० चं, खळ नसेल तर तो जाड टीपकागदच.

आणि ३०० आहे का हेही बघून घे, मला शंका आहे. २२ बाय २८ ची पाच शीटं मिळून जवळजवळ बरोब्बर दोन चौरस मीटर होतात. पाच शीटं गुंडाळून किचनच्या काट्यावर ठेव, जे वजन येईल त्याचं निम्मं म्हणजे तुझा जीएसएम. ए-३ असेल तर आठ कागद म्हणजे एक चौरस मीटर, भागाकार पण नको. दुकानदार काही म्हणो, काटा खोटं बोलत नाही.

ब्रिस्टल म्हणजे पूर्वी दोन-तीन कागद एकमेकांवर चिकटवून केलेला कडक गुळगुळीत बोर्ड, आता एकपदरी पण त्याच नावाने विकतात. त्यात दोन फिनिश येतात, स्मूद आणि व्हेलम. निबने काम करणार असशील तर स्मूदच घे. व्हेलमला किंचित दात असतात, म्हणजे तो जरा खरखरीत असतो, पेन्सिल आणि ड्राय ब्रशला (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंगवायला) मजा येते पण टोकदार निब त्याच्यात अडकते आणि शिंतोडे उडवते. आपल्याकडे ब्रुस्ट्रो, कॅन्सनची पॅडं ऑनलाइन मिळतात, २५० जीएसएमच्या आसपासची. महाग आहेत हे कबूल.

चकली_इन_टोकियो:
काकांना दुजोरा. मी इथे कामानिमित्त चार वर्षं आहे आणि मांगाचा (जपानी कॉमिकचा) कोरा कागद हातात घेतला तेव्हा मी पण चाट पडले होते. पाकिटावर लिहिलेलं १३५ किलो! मला वाटलं पुठ्ठा असणार. तर ते एका कागदाचं नाही, मोठ्या मापाच्या (७८८ बाय १०९१ मिमी) १००० कागदांचं वजन असतं. हिशोब केला तर १३५ किलो म्हणजे साधारण १५७ जीएसएम, आणि ११० किलोवाला तर १२८ च्या आसपास. म्हणजे तुझ्या शीटपेक्षा कितीतरी पातळ, आणि त्याच्यावर जी-निब अशी फिरते की विचारू नको, केसाएवढी रेष केसाएवढीच राहते. कारण तो कागद त्या निबसाठीच बनवलेला. मोठ्या मासिकांसाठी बी-४ वापरतात, २५७ बाय ३६४ मिमी, त्यावर फिक्या निळ्या रेषांत चौकट आधीच छापलेली असते.

पण पोस्टाने मागवू नको. कागदापेक्षा पाठवणावळच जास्त होईल.

निळी_पेन्सिल:
एक मिनिट, पान ३ चं कोडं कुणीच सोडवलं नाही की!

पागोळी, ते पान उलट्या बाजूवर काढलंय का बघ. बऱ्याच कागदांच्या दोन बाजू सारख्या नसतात. मशीनवर लगदा जाळीवर पसरतात, जाळीकडची बाजू जरा खरखरीत राहते, आणि आयव्हरी कार्डात कधीकधी एकाच बाजूला जास्त घोटलेलं असतं. तू शीट कापून दोन ए-३ केलेस, गठ्ठा लावला, त्यात एखादं पालथं पडलं असणार. खिडकीशी जा, कागद डोळ्यांच्या उंचीवर जवळजवळ आडवा धर आणि उजेडाच्या दिशेने बघ. एका बाजूला बारीक विणीसारखं दिसेल, दुसरी शांत दिसेल. उरलेल्या पट्ट्या टाकल्या नसशील तर त्याच वापर, दोन्ही बाजूंना तीच शाई, तीच निब, एक जोरात मारलेली रेष, एक सावकाश, एक चौकोन क्रॉसहॅचिंग, आणि ब्रशने भरलेला एक काळा ठिपका. मग पेन्सिल करून खोड आणि खोडलेल्या जागेवर परत रेष मार, कारण बऱ्याचदा कागद चांगला असतो, रबराने वरचा थर उचलला जातो आणि मग तेवढ्याच भागात शाई फुटते. आपण मात्र बोटं मोडतो कागदाच्या नावाने.

पेन्सिल कुठली वापरतेस? टूएच (कडक शिशाची) दाबून मारली असशील तर खाच पडते आणि निब रुळावरून गेल्यासारखी त्या खाचेतूनच जाते.

पागोळी:
एचबीच आहे, हलकी. पट्ट्या आहेत, आईने त्यांच्यावर वाणसामानाच्या याद्या लिहायला घेतल्यात, हिसकावून आणते. रात्री सांगते.

अर्धाकप:
आईला आधी विचारा, यादीची शाई फुटतेय का. सगळ्यात स्वस्त टेस्ट.

पागोळी:
बरं ऐका. पहिलं म्हणजे काटा. पाच शीटं ४३० ग्रॅम. म्हणजे २१५! ३०० म्हणे. बोलले नाही काही, जाऊन काय भांडणार.

दुसरं, निळी_पेन्सिल तुझ्या तोंडात साखर पडो, पान ३ पालथंच आहे. उजेडात धरल्यावर स्पष्ट दिसलं. पट्ट्यांवर पण तेच, एका बाजूला केस, दुसरीकडे ऐंशी टक्के साफ. पण पान ५ मात्र पान १ च्याच बाजूला काढलंय, मग ते का बरं आलं? खूप आठवून आठवून शेवटी लक्षात आलं की ते मी आतेभावाच्या ऑफिसात बसून केलं होतं रविवारी. एसीत.

बोरूवाले_काका:
झालं की मग. जुलैतली रत्नागिरी आहे ती. कागद हवेतलं पाणी ओढतो, ओल्या धाग्यात शाई दुप्पट पळते. चांगल्या कागदाचंही पावसाळ्यात काही खरं नसतं, तुझा तर आधीच अर्धवट खळीचा. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाक. रोज लागतील तेवढेच दोन कागद बाहेर काढ. काही जण इंकिंगच्या आधी कागदावरून इस्त्री फिरवतात, मी करत नाही, पिवळा पडतो आणि वाकतो. त्यापेक्षा टेबललॅम्प कागदावर अर्धा तास ठेव. हाताखाली एक कोरा कागद कायम असू दे, घामाचा डाग पडला की तिथे शाई एकतर धरत नाही नाहीतर पसरते.

शाई फाउंटन पेनची नाहीये ना? ती डायची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते, आणखी पसरते. आणि ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात घालू नकोस, त्यातलं शेलॅक (लाख) पेन बंद पाडतं. नवीन निबला तेलाचा थर असतो, पहिल्यांदा बटाट्यात खुपसून पुसून घे.

पागोळी:
बटाट्यात??

बोरूवाले_काका:
हो, कच्च्या. दोनदा खुपसायची. मग बटाटा भाजीत घालू नकोस म्हणजे झालं.

निळी_पेन्सिल:
आता नऊ पानांचं बघू. १, २, ४ सोडून बाकीची हात न लावलेली किंवा चांगली आहेत, ती कशाला परत काढतेस? ६ ते ९ नुसती पेन्सिल आहेत ना, ती स्कॅन कर. ए-४ स्कॅनर असेल तर दोन भागांत, मध्ये थोडं ओव्हरलॅप ठेवून जोड. मग पेन्सिल फिक्या निळ्या रंगात करून चांगल्या ब्रिस्टलवर प्रिंट काढ आणि त्यावरच इंक कर. नंतर स्कॅन करताना निळा रंग उडवता येतो. फक्त प्रिंट इंकजेटचं काढून घे, लेझरचं नको. लेझरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिक, त्याच्यावर शाई थेंबाथेंबाने पळते, मी एकदा अख्खं पान असं घालवलंय. दुकानात जाड कागद घेऊन जाशील तेव्हा आधी विचार त्यांचं मशीन तेवढा जाड ओढतं का, बरेच जण ऐनवेळी हात वर करतात.

१, २, ४ ची पेन्सिल शाईखाली गेली, ती काचेखाली दिवा लावून नव्या कागदावर गिरव. दिवा नसेल तर दुपारची खिडकी.

बोरूवाले_काका:
ही निळ्या रेषांची युक्ती आमच्या वेळचीच. छपाईला लाइन ब्लॉक (चित्राचा फोटो काढून केलेले धातूचे ठसे) करायचे तेव्हा त्या कॅमेऱ्याच्या फिल्मला फिका निळा दिसायचाच नाही, म्हणून खुशाल निळ्यात आखायचं, खोडायची गरजच नाही. आणि राखाडीही चालायचा नाही, काळं नाहीतर पांढरं. म्हणून तर सावली दाखवायला आडव्यातिडव्या रेषा मारायच्या.

चकली_इन_टोकियो:
अजून एक, सगळा खर्च ए-३ मुळे वाढतोय. छापणार किती साइझला आहेस? ए-५ ला छापायचं असेल तर ए-४ वर काढ ना. तेही छापताना ७० टक्क्यांवर येतं, रेष आपोआप घट्ट दिसते. ए-३ वरून ए-५ म्हणजे थेट निम्मं, तुझे बारीक दगड पुन्हा एकदा मिळून जातील, शाई न फुटताच.

पागोळी:
हे डोक्यातच आलं नव्हतं. ए-५ च छापायचंय. पण ९ पानं ए-३ वर झालीत, आता मध्येच साइझ बदललं तर रेषेची जाडी वेगळी दिसेल ना पान दहापासून?

चकली_इन_टोकियो:
दिसेल. म्हणून ६ ते ९ चं निळं प्रिंट काढशील तेच ए-४ वर काढ, आणि १, २, ४ पण ए-४ वर. फक्त ३ आणि ५ उरतात.

पागोळी:
म्हणजे जी दोन पानं नीट आली तीच टाकायची 🤦‍♀️

बरं, तूर्तास ए-४ ब्रिस्टलचं एकच पॅड मागवलंय, स्मूद. आधी विहिरीचे दगड काढून बघते त्यावर, बाकी नंतर. कुणाला आयव्हरीची सतरा शीटं हवी असतील तर सांगा, रत्नागिरीतून स्वतः न्यावी लागतील. चांगली बाजू कुठली ते पेन्सिलने लिहून देईन.

अर्धाकप:
मला दोन द्या. मुलाची एलिमेंटरी आहे. जलरंग चालतील का त्यावर?

बोरूवाले_काका:
नाही.