स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर आईचे वजन उतरायचे थांबले आहे. गावात राहून आहार आणि काळजी कशी सांभाळावी?

प्रश्न : मुलगा, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार. माझ्या आईचे वय ५१ वर्षे आहे. तिचे वजन ११२ किलो होते, मधुमेह बरीच वर्षे होता आणि गुडघ्यांमुळे शेतात जाणे जवळपास बंद झाले होते. मार्चच्या सुरुवातीला नागपूरला तिची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, जखमा भरल्या आणि पहिल्या तीन आठवड्यांत वजन ९ किलोंनी उतरले. त्यानंतर मात्र काटा १०३ किलोवरच थांबला आहे, आणि रोज सकाळी वजन पाहून ती निराश होते.

दुसरी अडचण आहाराची आहे. रुग्णालयातून मिळालेल्या तक्त्यात अंडी, मासे आणि चिकन आहे. आई माळकरी आहे, त्यामुळे यातले काहीही तिला चालत नाही, शिवाय ती एकादशी धरते. प्रोटीन पावडरचा डबा महाग पडतो. आमच्या घरी दूध आहे, तुरीची डाळ आहे आणि शेतातले सोयाबीन आहे. ते दळून भाकरीच्या पिठात घातले तर चालेल का? तिसरे असे की, सध्या शेतात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) उपटणे आणि धसकटे वेचणे सुरू आहे, आणि बरे वाटू लागल्यामुळे तिला तिकडे जायचे आहे. नातेवाईक भेटायला येतात ते चेहरा उतरला म्हणून हळहळतात आणि आग्रह करून खाऊ घालतात. अक्षय्य तृतीया जवळ आली आहे. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : शिक्षिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

भाऊ, माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे झाली आहेत. सर्वप्रथम काट्याविषयी सांगते, कारण आईंच्या मनाला तेच सर्वांत अधिक लागले आहे असे दिसते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान वजन थांबणे ही इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे की, माझ्याबरोबर ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यापैकी बहुतेकांना तिचा सामना करावा लागला. सुरुवातीला जे किलो भराभर उतरतात त्यांत चरबीबरोबर पाण्याचा वाटाही मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर खर्च होते आणि तिच्याबरोबर बांधलेले पाणीही बाहेर पडते. पुढे शरीर त्या साठ्याची थोडी भरपाई करते, तेव्हा चरबी कमी होत असली तरी काटा हलत नाही. हा थांबा एक ते तीन आठवडे टिकू शकतो आणि आहार नीट असेल तर आपोआप सुटतो. या काळात खाणे आणखी कमी करणे हा सर्वांत चुकीचा उपाय ठरतो, कारण त्यामुळे चरबीऐवजी स्नायू झिजतात.

आईंचे वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी, सकाळी उपाशीपोटी करावे आणि कंबरेचे माप महिन्यातून एकदा घ्यावे. स्लीव्हनंतर साधारण एक ते दीड वर्षात मूळ वजनाच्या सुमारे २५ ते ३० टक्के वजन उतरते, म्हणजे ११२ किलोंवरून त्या सुमारे ८० किलोंच्या आसपास येतील अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. सहा आठवड्यांत ९ किलो हे त्या वाटेवरचेच आहे.

नातेवाइकांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे खाऊ घालणे, आणि खाल्ले नाही तर माणूस दुखावतो. परंतु तीन-चार घासांनी पोट भरणाऱ्या बाईला पाचवा घास घ्यायला लावला तर छातीत कळ येते आणि उलटी होते. हे आईंनी प्रत्येकाला समजावत बसण्यापेक्षा तुम्ही मुलाने आल्या-गेल्यांना दारातच सांगावे. अक्षय्य तृतीयेला आमरसाची वाटी मात्र टाळावी. रस, सरबत, गोड चहा, आइस्क्रीम हे पदार्थ लहान झालेल्या जठरातून सरकून जातात आणि पोट भरल्याची जाणीव देत नाहीत. एकदम खूप साखर आतड्यात उतरल्यामुळे घाम, धडधड आणि चक्करही येऊ शकते. सणाचा मान म्हणून आंब्याची एखादी फोड चावून खाल्ली तर हरकत नसावी, पण मधुमेह असल्यामुळे तेवढेही आहारतज्ज्ञांना विचारूनच द्यावे.

उत्तर : आहारतज्ज्ञ, अमरावती

दादा, तुमच्या घरात जे आहे त्यातून बरेच काही साधता येईल, मात्र हिशेब मांडून. आईंना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. आपण जे पातळ वरण वाटीत घेतो त्यात पाणी अधिक आणि डाळ थोडी असते, त्यामुळे एका वाटीतून चार-पाच ग्रॅमच प्रथिने मिळतात. "वरण खाते आहे, म्हणजे प्रथिने मिळतात" हा समज खेड्यात आणि शहरातही सारखाच आढळतो. त्याऐवजी असे पाहा. साय काढलेले अर्धा लिटर दूध दिवसभरात विभागून दिले तर सुमारे १६ ग्रॅम, ५० ग्रॅम घरचे पनीर दिले तर ९ ग्रॅम, ३० ग्रॅम मुगाची डाळ घट्ट शिजवून दिली तर ७ ग्रॅम आणि २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या उकळून, पिळून, बारीक करून दिल्या तर साधारण १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. एकूण ४५ ग्रॅम झाले. दुधात दोन मोठे चमचे बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळल्यास आणखी पाच ग्रॅम वाढतात, आणि ती पावडर प्रोटीनच्या डब्यापेक्षा बरीच स्वस्त असते. उरलेल्या १५-२० ग्रॅमसाठी पहिले काही महिने प्रोटीन पावडर ठेवावी, कारण सध्या आईंच्या पोटात एवढे अन्न रोज मावणार नाही. डबा लागेल, पण निम्म्याने कमी लागेल. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दह्याचा चक्का चालतो.

शेतातले सोयाबीन कच्चे दळून कधीही वापरू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, आणि ते उष्णतेने नाहीसे होतात. दाणे उकळत्या पाण्यात टाकून सुमारे अर्धा तास उकळावेत, साले काढावीत, कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मग दळावेत. असे पीठ दहाव्या हिश्शापर्यंत ज्वारीत मिसळता येते. भाकरी मात्र आईंनी सर्वांत शेवटी खावी. आधी डाळ, पनीर किंवा वड्या, मग शिजवलेली मऊ भाजी, आणि जागा उरली तर कुस्करलेल्या भाकरीचे दोन घास, हा क्रम आयुष्यभरासाठी आहे. मऊ पोळी आणि चिकट भात अडकण्याची तक्रार भाकरीपेक्षा अधिक येते. घरी उन्हाळ्यात घातलेल्या मुंगवड्या मऊ शिजवून दिल्या तर फारच चांगले, फक्त त्यांत तिखट कमी असावे. स्लीव्हनंतर छातीत जळजळ होण्याचे प्रमाण वाढते आणि तिखट-तेलकट तर्रीने ती बळावते.

एकादशीबद्दल मी आईंच्या श्रद्धेचा पूर्ण आदर राखून लिहिते. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. फराळ करायचाच असेल तर दूध, दही, पनीर आणि थोडा राजगिरा यांचा करावा. निर्जळी उपवास मात्र पहिले वर्षभर तरी करू नये, विशेषतः या उन्हात. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि आईंना एका वेळी तांब्याभर पाणी पिता येत नाही. त्यांच्याजवळ बाटली ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट, असे दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवे. पातळ, बिनलोण्याचे ताकही त्यात धरावे. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

गोळ्यांची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम सायट्रेट या गोळ्या म्हणजे चार-सहा महिन्यांचा कोर्स नाही, त्या कायमच्या आहेत. माळकरी आणि शाकाहारी व्यक्तींमध्ये बी-१२ बहुधा आधीपासूनच कमी असते, म्हणून आईंच्या बाबतीत त्याची तपासणी चुकवू नये. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नये. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले तर घाबरू नये. प्रथिने आणि लोह पुरेसे असेल तर काही महिन्यांत ते पुन्हा येतात.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, चंद्रपूर जिल्हा

वरच्या दोन्ही उत्तरांत आहाराचे पुरेसे आले आहे. मी फक्त गावात घडू शकणाऱ्या धोक्यांविषयी लिहितो, कारण नागपूर तुमच्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे आणि पहिली मदत तुम्हाला जवळच्याच दवाखान्यात घ्यावी लागेल.

आपल्याकडे अशक्तपणा आला किंवा उलट्या झाल्या की सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे आणि ज्यांना अनेक दिवस उलट्या होत आहेत, त्यांच्या शरीरातील थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, दोन-तीन आठवड्यांत संपू शकते. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोजचे सलाईन चढवले तर उरलेले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून जिथे जाल तिथे डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे की, आईंची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आहे, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन देण्याविषयी विचारावे. डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स प्रत आईंच्या पिशवीत कायम असू द्यावी.

गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांनी जठराला व्रण पडू शकतो. पॅरासिटामॉल चालते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा जुना डोस तसाच सुरू आहे का, हे याच आठवड्यात तपासून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर साखर वजनाच्याही आधी खाली येऊ लागते, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच मात्रेत चालू राहिले तर साखर धोकादायकरीत्या उतरते.

ताप, नाडी सतत १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती वेदना, एका पायाच्या पोटरीला सूज, अचानक लागलेली धाप, काळी शौच, किंवा पाण्याचा घोटही न टिकणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वजन वेगाने उतरत असताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही असते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली तर सोनोग्राफी करावी.

उत्तर : शेतकरी, वाशिम जिल्हा

माझी वजन कमी करण्यासाठीची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया आहे, स्लीव्ह नाही, त्यामुळे माझ्या बाबतीत आतड्याचा सुरुवातीचा भागही वगळला गेला आहे आणि लोह व बी-१२ यांची अडचण आईंपेक्षा अधिक आहे. तरीही लांबच्या पल्ल्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दीड वर्षानंतर वजन सर्वांत खाली जाते, आणि त्यानंतर काही किलो परत येणे हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते तो भाग स्लीव्हमध्ये काढून टाकतात, म्हणून पहिले वर्ष भूक जवळजवळ लागत नाही. पुढे ती थोडी परत येते. सवयी लावून घ्यायच्या त्या याच बिनभुकेच्या वर्षात. घरात कोणी खर्रा खात असेल किंवा आईंना मिश्रीची सवय असेल तर ती पूर्ण बंद व्हायला हवी, कारण तंबाखूमुळे जखम भरण्यास उशीर होतो आणि व्रणाचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आईच्या ग्लिमेपिराइडचा डोस जुनाच सुरू असल्याचे आढळले, उद्याच डॉक्टरांकडे जात आहोत. मिश्री तिने शस्त्रक्रियेआधीच सोडली आहे. शेतातल्या कामाविषयी मात्र अजून विचारायचे आहे. तिला घरात बसवत नाही.

उत्तर : शिक्षिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

भाऊ, घरात बसवूच नये. चालणे तर पहिल्या दिवसापासूनच हवे असते, आणि सहा आठवडे उलटले असतील तर शल्यचिकित्सकांना विचारून हलके काम सुरू करता येते. पण पऱ्हाटी उपटताना पोटावर जो जोर येतो तो आत्ता नको, गाठोडे उचलणे नको आणि भरलेली घागर नको. धसकटे वेचायला त्या सकाळी लवकर जाऊ शकतात, मात्र नऊच्या आत घरी परतावे, डोक्यावर ओला शेला असावा आणि सोबत पाण्याची बाटली व चिमूटभर मीठ घातलेले ताक असावे. साखर उतरल्यास लगेच देता यावी म्हणून पदरात साखरेची पुडी बांधून द्यावी. संध्याकाळी घराच्या ओट्यावर खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम आठ-दहा वेळा करावा. त्याने मांडीचे स्नायू टिकतात आणि गुडघ्यांवरचा भार कमी होतो. जूनच्या सुरुवातीला तीन महिन्यांची तपासणी असेल, तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि तीन महिन्यांची सरासरी साखर हे सर्व एकाच वेळी करून घ्यावे. पेरणीची घाई सुरू झाली की नागपूरची फेरी लांबणीवर पडते, म्हणून तारीख आत्ताच घेऊन ठेवावी.