प्राधिकरण, मुखत्यारी की नुसती परवानगी?

जुनीवही:
११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकी काँग्रेसने २००१ साली जो 'ऑथरायझेशन फॉर यूज ऑफ मिलिटरी फोर्स' केला, त्यावरचा लेख मराठीत आणतेय. नावावरच गाडी अडलीये. 'लष्करी बळाच्या वापराचे प्राधिकरण' असं लिहून पाठवलं, तर संपादकांनी समासात शेरा मारला: 'या प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण?' मराठी वाचकाला प्राधिकरण म्हटलं की कचेरी, फायली आणि निविदाच दिसतात. 'परवानगी' मिळमिळीत वाटते. सुचवा काहीतरी.

टाकबोरू:
परवानगीत काय वाईट आहे? नाहीतर 'मंजुरी' घ्या. वर्तमानपत्रात 'लष्करी कारवाईस मंजुरी' असंच छापतात आणि सगळ्यांना कळतं.

बाराखडी:
मंजुरी एकेका कामाला देतात, वहीताई. इथे अख्खा कारभार हातात दिलाय. 'मुखत्यारी' म्हणा. माझे वडील दस्त लिहायचे. कुलमुखत्यारपत्र करायला कोणी आलं की आधी विचारायचे, काय करू द्यायचं नाही ते सांगा. ते लिहिलं नाही तर मुखत्यार घर विकून मोकळा. २००१च्या कागदात नेमकं तेच राहिलंय. मुख्य वाक्य इंग्रजीत जेमतेम ६० शब्दांचं. ज्या राष्ट्रांनी, संघटनांनी वा व्यक्तींनी हल्ला घडवला किंवा तो करणाऱ्यांना आसरा दिला, त्यांच्याविरुद्ध 'आवश्यक आणि योग्य' ते बळ वापरा. आणि ते कोण, हे राष्ट्राध्यक्षच ठरवणार. देशाचं नाव नाही, मुदत नाही. २०१४ साली आयसिसशी लढतानाही हाच कागद पुढे केला. हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, ४२० विरुद्ध १ मतांनी झाला होता. विरोधातलं ते एक मत बार्बरा ली यांचं.

तिरकसराव:
मुखत्यारी छान. धनी ज्याच्या मुखाने बोलतो तो मुखत्यार. अस्सल देशी शब्द.

मोडीवाचक:
मुखाशी काही संबंध नाही हो. अरबी 'मुख्तार'. 'अखत्यार' त्याचाच भाऊ. दोन्हींच्या मुळाशी 'निवडणे' आहे.

तिरकसराव:
म्हणजे यावनीच! मग 'अधिकारदान' म्हणा, वाद मिटला.

बाराखडी:
दान दिलं की परत मागता येत नाही, राव. टोंकिनच्या आखाताचा ठराव १९६४चा. हाउसमध्ये ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्याच्या जोरावर व्हिएतनाममध्ये फौजा ओतल्या, आणि १९७१ साली काँग्रेसने तोच ठराव रद्द केला. मुखत्यारपत्र रद्द होतं, दान होत नाही.

परिशिष्ट:
तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरताय, की अधिकार मुळात काँग्रेसचा आहे आणि ती तो देते. तिथलं भांडण तर त्यावरच आहे. युद्ध पुकारण्याचा अधिकार संविधानाने काँग्रेसला दिलाय, पण सरसेनापती राष्ट्राध्यक्ष. १७८७च्या मसुद्यात आधी युद्ध 'करणे' होतं, ते बदलून युद्ध 'जाहीर करणे' घातलं, म्हणजे अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्ष मोकळा राहावा. १९९१च्या आखाती युद्धाआधी थोरल्या बुशनी काँग्रेसकडे परवानगी मागितलीच नाही, 'पाठिंबा' मागितला. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७ असा काठावर ठराव झाला. सही करतानाही त्यांनी लिहून ठेवलं, की मी पाठिंबा मागितला म्हणून माझ्या अधिकारांबद्दलची माझी भूमिका बदललेली नाही. आता 'मुखत्यारी' लिहिलंत की तुम्ही काँग्रेसच्या बाजूचे, 'पाठिंबा' लिहिलंत की व्हाइट हाउसच्या. 'संमती' त्यातल्या त्यात निरुपद्रवी.

टाकबोरू:
संमती विवाहाला देतात.

जुनीवही:
परिशिष्ट, हे उपयोगी आहे. लेखिका काँग्रेसच्याच बाजूची आहे, तेव्हा मुखत्यारी चालेल असं वाटतंय. पण मग 'रेझोल्यूशन'ला ठराव म्हणू ना? वाचकाला वाटेल, अभिनंदनाचा ठराव असतो तसलं काही.

परिशिष्ट:
तो धोका आहेच. हा संयुक्त ठराव. दोन्ही सभागृहांत मंजूर होतो, त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही होते, आणि तो कायदा असतो. १९७३चा 'वॉर पॉवर्स' ठरावही असाच. निक्सननी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो दोन तृतीयांश मतांनी उलटवला. ४८ तासांत काँग्रेसला कळवा, मंजुरी नसेल तर ६० दिवसांत लढाई थांबवा, सुखरूप माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस. मी सरळ 'युद्धाधिकार कायदा' लिहितो.

मोडीवाचक:
तुम्ही 'लढाई थांबवा' लिहिलंत, मुळात 'होस्टिलिटीज' आहे. २०११ साली लिबियावर बॉम्ब पडत होते, ६० दिवस उलटून गेले, तरी ओबामा प्रशासनाचं म्हणणं, की या मर्यादित कारवाया म्हणजे कायद्याला अभिप्रेत 'होस्टिलिटीज' नव्हेत. तिथे 'लढाई' लिहिलं तर तो अख्खा युक्तिवादच वेडगळ दिसेल.

बाराखडी:
दिसू दे की. आहेच तो वेडगळ.

मोडीवाचक:
अनुवादकाने निकाल द्यायचा नसतो, काका. 'सशस्त्र संघर्ष' लिहा.

तिरकसराव:
ते सोडा. परिशिष्टांनी 'युद्ध पुकारणे' लिहिलं ते कुणाला खटकलं नाही? सरळ हिंदी आहे. मराठीत युद्ध घोषित होतं.

बाराखडी:
बंड कसं करता मग, घोषित? संपसुद्धा आपण पुकारतोच. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला शब्द एकाएकी परका कसा झाला?

टाकबोरू:
तसंही अमेरिकेने शेवटचं युद्ध १९४२च्या जूनमध्ये पुकारलं, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरियाला तर 'पोलिसी कारवाई' म्हणून वेळ मारून नेली. तेव्हा हा शब्द त्यांना फारसा लागतच नाही.

जुनीवही:
मंडळी, शीर्षक उद्या द्यायचंय. मुखत्यारी की संमती?

तिरकसराव:
आधी 'पुकारणे'चं ठरू द्या. बंड 'करतात', बाराखडीकाका. पुकारतात ते मोर्चेवाले.

बाराखडी:
मोर्चा काढतात.