क्लॉड रेन्सचा आवाज कमावलेला होता
'कॅसाब्लांका' या हॉलिवूड चित्रपटातील कॅप्टन रेनोचा तो रुबाबदार आवाज, ती भूमिका करणारा नट क्लॉड रेन्स याला खानदानी इंग्रजी घरातून लाभला, असे एक मत मांडले जाते; ते मला मान्य नाही. चार नामांकने मिळूनही त्याला ऑस्कर न मिळाल्याची हळहळ मात्र रास्त आहे. १८८९ साली लंडनमधील एका गरीब घरात जन्मलेला हा मुलगा बोलताना अडखळत असे, त्यात त्याची बोली ठसठशीत कॉक्नी, म्हणजे लंडनच्या कामगारवर्गाची. नाटकगृहात पडेल ते काम करणाऱ्या या पोराचे गुण हेरून नट-निर्माते हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी त्याच्या उच्चारशिक्षणाचा खर्च उचलला, आणि पुढे तोच नाट्यशिक्षक झाला तेव्हा पुढे नामवंत नट झालेले जॉन गिलगुड त्याच्या वर्गात होते.

पहिल्या महायुद्धातील विषारी वायूच्या हल्ल्यात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली, हेही फारसे कोणाला ठाऊक नसते. हॉलिवूडमधील पहिली भूमिका त्याला चव्वेचाळिशीच्या उंबरठ्यावर मिळाली, तीही १९३३च्या 'द इनव्हिजिबल मॅन'मध्ये: चेहरा सतत पट्ट्यांत गुंडाळलेला किंवा अदृश्यच, आणि अखेरीस उशीवर टेकलेला तो क्षणभर दिसतो न दिसतो तोच चित्रपट संपतो. तोवर सारा भार त्या कमावलेल्या आवाजावर.