अर्धवट गोधडी, अकरा पिशव्या आणि दोन पोती कातरण

होटगीरोडची:

मला कुणीतरी दटावून सांगा, नाहीतर हीही दिवाळी अशीच जाईल.

कपाटावर दोन पोती कातरण आहे. आई वीसेक वर्षं घरी शाळेचे गणवेश शिवायची, नगावर. तागा घरी यायचा, कापायचंही आपणच, त्यामुळे उरलेल्या चिंध्या आपल्याच. आमच्या सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की मशीन जे सुरू व्हायचं ते जून लागेपर्यंत. खाकी, गडद निळं, पांढरं, बारीक लाल चौकडी, एक तुकडा तिनं टाकला नाही. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि पोती माझ्याकडे आलीत.

२०१९ मध्ये भाचीच्या बाळंतपणासाठी गोधडी धरली. हौस मोठी, म्हणून चादरीएवढी करायची ठरवली, ६० बाय ९० इंच. शिवून ५ इंच भरेल असा एकेक चौकोन. आडवे १२, उभे १८, म्हणजे २१६. त्यातल्या ११ ओळी झाल्या, १३२ चौकोन. तिथं मला दुर्बुद्धी सुचली आणि मळला म्हणून तो वरचा पदर धुतला. वाळल्यावर बघते तर सुती चौकोन आटलेले, टेरीकॉटचे जसेच्या तसे. भाजलेल्या पापडासारखे सगळीकडे फुगे. घडी घालून ठेवला तो आजतागायत. ज्याच्यासाठी धरली होती तो आता पहिलीत जातो. त्याचाही गणवेश लाल चौकडीचाच आहे, काय बोलायचं.

शिवाय अकरा पिशव्या, बंद लावायचे राहिलेत. बंदापाशी खाकीचे चार पदर येतात आणि मशीनची सुई मोडते. तीन मोडल्या, मग सोडून दिलं. आणि टॉवेलच्या काठांच्या वेणीचं एक पायपुसणं, ताटाएवढं होऊन थांबलंय.

गोधडी उसवू का? एकदा उसवली तर मी पुन्हा जोडणार नाही, हे मला पक्कं माहितीये.

दाभण:

उसवू नका! आटायचं ते आटून झालं की. उलट बरंच झालं म्हणा. न धुतलेलं सुती कापड तसंच गोधडीत गेलं असतं, तर हाच प्रकार अस्तर लावल्यावर झाला असता आणि मग हात चोळत बसला असता.

असं करा. फरशीवर अस्तर ताणून अंथरा. आईचं जुनं सुती लुगडं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. त्यावर हा पदर पाणी शिंपडून, ओलसर करून पसरा. फुगा सरकवत पुढं ढकलायचा नाही, ज्या चौकोनाचा त्याच चौकोनात ठेवायचा. मग वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके. याचा कंटाळा केलात आणि तशाच कडेकडून आत आलात, तर सगळा फुगा मधोमध जमा होऊन टेकडी होते. माझी पहिली गोधडी अशीच आहे. नवरा तिला उंटाची झूल म्हणतो.

कच्चे टाके झाले की कडेपासून धावदोरा, चारी बाजूंनी फिरत आत आत. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा जवळजवळ पडला की फुगा चुरगळून त्यातच बसतो. गोधडीला सुरकुत्या असायच्याच, ती काय इस्त्रीची पँट आहे? आणि इस्त्रीच्या नादी तर लागूच नका. सुतीला लागते तेवढ्या तापावर टेरीकॉट चकाकतं, नाहीतर तव्यालाच चिकटतं. बोटात अंगुस्तान घाला, दोऱ्याला मेणबत्ती चोळा.

पिशव्यांचं सोपं आहे. १४ नंबरची सुई काढून १८ ची लावा, आणि जाड जागा आली की पाय न मारता चाक हातानं फिरवा.

निवांत:

एवढा खटाटोप कशाला? सरळ एक चादर विकत घ्यायची. सोलापुरात राहून गोधडी म्हणजे अतीच झालं.

मागावरचा माणूस:

निवांत, जरूर घ्या, दोन घ्या, आमचं पोट आहे त्यावर. पण चादर मागावरूनच दोन्ही अंगांनी नक्षी घेऊन उतरते, तिला चिंधी लागत नाही. हा मामला वेगळा आहे.

ताई, मी टॉवेलच्या मागावर होतो म्हणून सांगतो. बरेच जण भर म्हणून गोधडीत टॉवेलचे तुकडे घालतात. टॉवेलचं कामच पाणी धरून ठेवायचं. तसली गोधडी ओली झाली की दोघांना उचलत नाही, पिळायची तर बातच सोडा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ती धुणार कधी? भर घालूच नका. वरचा पदर आणि खाली लुगड्याची दुहेरी घडी, बास. डिसेंबर-जानेवारी सोडला तर आपल्याकडे पांघरूण लागतं कुणाला?

पायपुसण्याला मात्र टॉवेलच पाहिजे. वेणी गुंडाळत शिवताना ती ओढू नका, ओढली की कडा वाटीसारखी वर उचलते. ताटाएवढं झालंय ना? मग झालं. कड शिवा आणि मोरीपुढं टाका.

कौदीवाली:

आमच्या वाड्यात याला तीन नावं होती. आम्ही कानडी, म्हणून कौदी. मालकीणबाई वाकळ म्हणायच्या, आणि पूर्व भागातून, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतून आलेल्या पद्मशाली मावशी बोंत. शिवायला मात्र तिघी एकाच अंगणात. मावशींचा एक दंडक होता: उन्हाळ्यात धरलेलं पाऊस पडायच्या आत संपलं पाहिजे, नाही संपलं तर कापून लहान करायचं. तुमचे तर किती पावसाळे गेले ओ!

९० इंच विसरा. ११ पैकी ९ ओळी घ्या, ६० बाय ४५ भरेल. पहिलीतल्या पोराला भरपूर. त्यासाठी एकच लांब शिवण उसवायची. उरलेल्या दोन ओळींची पट्टी मधोमध सोडवून एकाखाली एक जोडली की ३० बाय २०, मोठ्या उशीचा अभ्रा. एकही चौकोन वाया नाही. आणि ८४ चौकोन जे अजून शिवायचेत म्हणून मनात ठाण मांडून बसलेत, ते शिवायचेच नाहीत.

होटगीरोडची:

कौदीवाली, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तिला वाईट वाटेल म्हणून मी चाचरत होते. ती म्हणाली, "लहान कर की मग. मी काय जन्मभर कापलं नाही होय?" आणि ब्लेड मागितलं. ती लांब शिवण तिनंच उसवली, बोटानं चाचपत, बाल्कनीत बसून. सुईत दोरा ओवायला डोळे लागतात, उसवायला नाही म्हणे. माझे टाके किती ढिले आहेत हे तेवढ्यात चारदा ऐकवून झालं.

अस्तराला तिचं अंजिरी लुगडं घेतलं. कच्चे टाके शनिवारी घातले, धावदोऱ्याचे चार फेरे झाले. दाभण, टेकडी अजून तरी नाही. दोन फुगे आहेत, तिथं आई म्हणते वरून ठिगळ लाव, कुणाला कळतंय.

पायपुसणं मोरीपुढं गेलं. १८ नंबरच्या सुईनं नऊ पिशव्यांना बंद लागले, सुई एकही मोडली नाही. उरलेल्या दोन पिशव्यांना आईनं बंद लावूच दिले नाहीत. त्यांत तिनं चौकोन सरळ करताना निघालेलं कातरण भरून तोंडं शिवून टाकलीत, आणि कपाटावर ठेवायला लावलीत.