वाचनालयाला खोकी नकोत, सभासद हवेत

(डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नवरात्रात झालेली चर्चा. नावं काढून फक्त फ्लॅट नंबर ठेवलेत.)

ए-102: नमस्कार मंडळी. दिवाळीची आवराआवर काढलीय. माळ्यावरून तीन खोकी पुस्तकं खाली आली. मुलांची इंजिनिअरिंगची, बारावीची गाईडं, जुनी मासिकं आणि वडिलांच्या वेळचे काही सुटे खंड. रद्दीत द्यायला मन होत नाही. चौकातल्या वाचनालयात घेतील ना?

बी-304: काका, आमच्याकडेही दोन पोती आहेत. एकच टेम्पो करू.

सेक्रेटरी: उत्तम कल्पना. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे, डॉ. कलामांची जयंती. त्या दिवशी सोसायटीतर्फे पुस्तकदान करू. बॅनर लावू, फोटो काढू. सी-201 ताई वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत, त्या सांगतीलच.

सी-201: काका, सेक्रेटरी साहेब, तुमची भावना अगदी पोचली. पण टेम्पो सांगण्याआधी माझं थोडं ऐका. मेसेज मोठा होईल, सांभाळून घ्या.

पुस्तक टेबलावर आणून ठेवलं म्हणजे ते वाचनालयाचं झालं असं नसतं. आधी पानं बघायची, कसर किंवा वाळवी आहे का ते बघायचं. मग दाखल नोंदवहीत क्रमांक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठं, किंमत लिहायची. शिक्के मारायचे. एक शीर्षकपानावर आणि एक आतल्या ठरलेल्या पानावर, म्हणजे पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. मग विषयाप्रमाणे वर्गीकरण, मागे तारखेची चिठ्ठी डकवायची, पाठीवर क्रमांकाची पट्टी. हे सगळं आमच्या ग्रंथपाल बाई एकट्या करतात, तेही पुस्तकांची देवघेव सांभाळून. समोर सभासद उभा राहिला की पेन खाली ठेवायचं, तो गेला की पुन्हा उचलायचं.

आणि एकदा दाखल झालेलं पुस्तक सहज बाहेर काढता येत नाही. असं पुस्तक नोंदीतून काढण्याला निर्लेखन म्हणतात. याद्या, कार्यकारिणीचा ठराव, सगळी रीत पाळावी लागते, कारण तपासणीला अधिकारी येतात तेव्हा नोंदवही आणि कपाट जुळलं पाहिजे. दर दिवाळीला अशी खोकी येतात आणि जिन्याखाली पडून राहतात. गेल्या पावसात त्यातल्याच एका खोक्यातून वाळवी चढली आणि चरित्रांच्या कपाटाचा खालचा खण गेला. बाईंनी ती पुस्तकं एकेक करून उन्हात मांडली होती. बरीच वाचली, काही गेलीच.

ए-102: अरे बापरे. हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही. मग वाचनालयाला हवंय तरी काय?

सी-201: सभासद हवेत काका. आणि रोख देणगी. याच क्रमाने.

बी-304: पण ताई, सरकारी अनुदान मिळतं ना? मग पैशांची अडचण कशी?

सी-201: दादा, हाच प्रश्न वार्षिक सभेत आला होता. ताळेबंद सगळ्यांसमोर ठेवला होता, तरी सभेला माणसं किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून इथे सांगते.

आपल्याकडे 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे दरवर्षी परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायचा पैसा, मिळतं. 2012 नंतर कितीतरी वर्षं त्या रकमेत वाढ नव्हती. 2022 च्या शेवटी सरकारने 60 टक्के वाढ केली. आपलं वाचनालय ब वर्गात आहे. तालुका किंवा जिल्हा ग्रंथालयाचा दर्जा नसलेल्या ब वर्गाला आधी वर्षाला 1,92,000 रुपये होते, वाढीनंतर 3,07,200 झाले.

आता 2022 च्या त्या दरांनी हिशोब बघा. यातली निम्मी रक्कम पगारासाठी. म्हणजे 1,53,600. बारा महिन्यांनी भागा, महिन्याला 12,800. त्यात ग्रंथपाल, देवघेव बघणारी मुलगी आणि शिपाई, अशी तीन माणसं. उरलेल्या निम्म्यातून पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल, बांधणी, दुरुस्ती, भाडं. आणि ड वर्गाची खेड्यातली वाचनालयं घ्या. वाढीनंतर त्यांना वर्षाला 48,000. निम्मे पगाराला म्हणजे महिन्याला 2,000 रुपये. एवढ्यावर कुणीतरी रोज संध्याकाळी कुलूप उघडतं, झाडलोट करतं, पेपर लावतं, पुस्तकं देतं. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

बी-304: महिन्याला दोन हजार? एवढं कमी असेल असं वाटलं नव्हतं.

सी-201: आणि अनुदान मान्य खर्चाच्या 90 टक्के असतं. उरलेले 10 टक्के संस्थेने स्वतः उभे करायचे. म्हणजे 3,07,200 पूर्ण हवे असतील तर जवळजवळ 3,41,000 खर्च दाखवावा लागतो, त्यातले 34,000 आपले. शिवाय अनुदान दोन हप्त्यांत येतं. हप्ता लांबला तरी पगार थांबवता येत नाही. तो मधला काळ वर्गणी आणि देणग्यांवरच निघतो.

डी-403: ताई, मनापासून विचारतो, राग मानू नका. आज सगळं मोबाईलवर आहे. पेपर मोबाईलवर, पुस्तकं मोबाईलवर, ऐकायचीसुद्धा सोय आहे. एवढा खटाटोप करून वाचनालय कुणासाठी चालवायचं?

ए-501 आजी: माझ्यासाठी चालवा रे बाबा. माझ्या डोळ्यांना मोबाईल सोसत नाही. शिपाई दर शनिवारी मला दोन पुस्तकं आणून देतो, आधीची घेऊन जातो. गुडघ्यांमुळे मी खाली उतरत नाही हे बाईंना माहीत आहे. मला काय आवडतं तेही त्यांना पाठ आहे. मागच्या आठवड्यात न मागता प्रवासवर्णन पाठवलं, म्हणाल्या, आजी, हे तुम्हाला आवडेल. आवडलं.

बी-102: मी पण जातो. एमपीएससीची तयारी करतोय. घरी आम्ही पाच जण, एक खोली आणि टीव्ही. वाचनालयाच्या अभ्यासिकेत सकाळी जातो तो रात्रीच येतो. खाजगी अभ्यासिकेची महिन्याची फी मला झेपत नाही. तिथे संदर्भाची पुस्तकं आहेत, राज्याची मराठी मासिकं आहेत, आणि बरोबरची मुलं बसलेली असतात त्यामुळे बैठक होते. फक्त पंखे जुने आहेत आणि एप्रिल-मेमध्ये फार उकडतं.

सी-201: पंख्याचं लिहून घेतलं रे. यंदाच्या कामांत ते आहे.

डी-403: आजी, मला हे ठाऊक नव्हतं. चांगलं काम आहे.

ई-202: मंडळी, मी शिक्षकी पेशातून निवृत्त. थोडी जुनी गोष्ट सांगतो, कारण आपला भाग या बाबतीत फार भाग्यवान आहे. शेजारी कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. रत्नागिरीचं तर 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. ही सगळी लोकांच्या वर्गण्यांवर वाढली आणि लोकांनीच टिकवली.

आणखी एक. ग्रंथालयाचा कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान सगळ्यांच्या पुढे होतं, 1945 साली. मद्रासचा कायदा त्यानंतरचा, 1948 चा, पण मद्रासने मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर लावला. कर्नाटकानेही कर ठेवला. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात तो कर नाही. त्यामुळे आपल्याकडे पैसा येतो तो सरकारच्या अर्थसंकल्पातून आणि लोकांच्या खिशातून. माझं स्पष्ट मत आहे की कर हवा होता. घरपट्टीत वर्षाला थोडे पैसे वाढले असते तर कुणाला जड गेलं नसतं.

एफ-101: सर, करावर कर नकोत. मेंटेनन्सच भरताना जीव जातो. देणगी ज्याची त्याने स्वखुशीने द्यावी.

ई-202: तुमचं म्हणणंही बरोबर आहे. पण मग स्वखुशीने देणारे दिसले पाहिजेत ना?

सेक्रेटरी: मुद्द्यावर येऊ या. ताई, यंदा वाचनालयाने काय काय ठरवलंय? आणि सोसायटीच्या फंडातून देता येईल का, असं दोघांनी मला वेगळं विचारलंय. त्यावर माझं उत्तर नाही असं आहे. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेला पैसा, आणि दुरुस्तीचा पैसा त्याच कामाला. द्यायचं ते घराघरातून.

सी-201: साहेब, तेच योग्य. सभेत ठरलेलं सांगते.

सगळ्यात मोठं काम बालविभागाचं. आत्ता मुलांची पुस्तकं वरच्या खणात आहेत आणि मुलं टाचा उंचावून बघतात. बुटकी रॅक करायचीत आणि सतरंजी टाकून रविवारी सकाळी गोष्टींचा तास सुरू करायचाय. मूल हातात घेऊन चाळतं तेच पुस्तक घरी नेतं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. रॅकसाठी एक चांगली वाट आहे. कोलकात्यात केंद्र सरकारचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, 1972 पासून. त्यांच्या समान निधी योजनेत फर्निचर, इमारत अशा कामांना मदत मिळते, पण आपला हिस्सा आधी उभा करावा लागतो. म्हणजे रॅकच्या नावाने मिळालेली देणगी पुढचा पैसाही आणते. अर्जाची कागदपत्रं मी जमवतेय.

दुसरं, सूची संगणकावर घ्यायची. आज एखादं पुस्तक आहे का हे बाईंच्या स्मरणशक्तीवर चालतं. त्यांची स्मरणशक्ती दांडगी आहे, पण त्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होतील. डी-403 दादा, तुम्ही सॉफ्टवेअरमधले. शनिवारचे दोन तास द्याल?

तिसरं, अभ्यासिकेचे पंखे आणि दिवे. चौथं, जुन्या पुस्तकांची बांधणी. बांधणी करणारा कारागीरच आता सहज मिळत नाही, हा वेगळाच प्रश्न.

डी-403: दोन तास नक्की देतो. आधी नोंदवही बघावी लागेल. शनिवारी सकाळी येऊ?

सी-201: या. अकरानंतर या, आधी देवघेवीची गर्दी असते.

बी-304: दिवाळी अंकांची योजना यंदा आहे ना? मागच्या वर्षी आईने घेतली होती.

सी-201: आहे! हेच विसरले होते. एकदा शुल्क भरायचं आणि दिवाळीपासून पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. हल्ली चांगले चार-पाच अंक विकत घ्यायचे म्हटले तरी हजार-दीड हजार सहज लागतात. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळीचा अंक काढला तेव्हापासूनची ही आपली परंपरा आहे, आणि घरोघरी ती पोचवली ती वाचनालयांनीच. या योजनेतून येणारे पैसे थेट पुढच्या खरेदीला लागतात.

ई-301: देणगीवर कर सवलत मिळते का? सीए विचारतात.

सी-201: आपल्या वाचनालयाकडे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीची मान्यता (80जी) आहे. देणगी चेकने किंवा ऑनलाइन द्या, 2,000 च्या वर रोख दिली तर सवलत धरत नाहीत. पॅन द्या, वर्षाअखेरीस देणगीचं प्रमाणपत्र मिळेल. मात्र ही सवलत जुन्या कररचनेतच आहे, नव्या रचनेत गेलेल्यांना मिळणार नाही. ते आधीच सांगितलेलं बरं.

ए-102: ताई, मी आणि सौ. दोघं सभासद होतो. नातवाचं बालविभागात नाव घाला. पण वडिलांच्या त्या खंडांचं काय करू? त्यांच्या हाताच्या टिपणी आहेत कडेला.

सी-201: काका, ते खंड मला आधी बघू द्या. संच पूर्ण नसला तरी कधी कधी आमच्याकडच्या संचात नेमका तोच खंड नसतो. यादी करून पाठवा: नाव, लेखक, वर्ष, पानं सुटलीत का. सगळ्यांनाच हीच विनंती. यादी आली की बाई हव्या त्या पुस्तकांवर खूण करतील, तेवढीच आणायची. इंजिनिअरिंगची पुस्तकं अलीकडच्या अभ्यासक्रमाची असतील तर कॉलेजच्या मुलांना थेट द्या. बारावीची जुनी गाईडं मात्र रद्दीतच, अभ्यासक्रम बदललाय.

बी-102: इंजिनिअरिंगची माझ्या भावाला चालतील काका. दुसऱ्या वर्षाला आहे. मी येऊन बघतो.

ए-102: ये रे. आज संध्याकाळीच ये.

एफ-101: मी मघाशी कराला विरोध केला, पण सभासद व्हायला माझी ना नाही. वर्गणी किती आणि अनामत परत मिळते का?

सी-201: अनामत परत मिळते, पावती जपून ठेवा. वर्गणीचे दर पुस्तकांच्या संख्येप्रमाणे आहेत, दरपत्रकाचा फोटो टाकते. वर्षाची एकदम भरलीत तर बाईंचा दर महिन्याचा पाठपुरावा वाचतो.

सेक्रेटरी: तर मग असं. 15 तारखेला टेम्पो नाही, बॅनर नाही. त्याऐवजी क्लबहाऊसमध्ये सकाळी 10 ते 12 सभासद नोंदणी. ताई फॉर्म आणि पावतीपुस्तक घेऊन बसतील. रॅकसाठी देणगी द्यायची त्यांनी पावतीवर ‘बालविभाग’ असं लिहून घ्यावं.

सी-201: बाईंनाही बोलावते साहेब. त्यांनी स्वतः नावं लिहिली तर माणसं ओळखीची होतात. फक्त त्या दिवशी तिकडे देवघेव बघायला कुणीतरी लागेल.

बी-102: मी बसतो ताई. मी तसाही तिथेच असतो.

ए-501 आजी: माझी वर्गणी घ्यायला कुणीतरी वर या. चहा करून ठेवते. आणि बालविभागाच्या पावतीवर माझं नाव नको, आमच्या ह्यांचं घाला.